भांडण शोरूमशी, पैसे करारात

निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कंपनीच्या लीजवर गाडी चालवणाऱ्या माणसाची मुदत संपत आली की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे एकच पाठ ऐकू येतो. डीलर हा लबाडच, तेव्हा चार शोरूम फिर. एकाचे कोटेशन दुसऱ्याच्या तोंडावर टाक. मार्चअखेरची वाट बघ, त्यांना टार्गेटची घाई असते. जुनी गाडी एक्सचेंजला लाव. आणि हो, गाडी आपल्याच भागात बनते, तेव्हा ती इथे स्वस्त मिळालीच पाहिजे.

हा झाला पूर्वपक्ष. तो इतका सर्वमान्य आहे की त्यावर शंका घेणारा माणूस डीलरचा नातेवाईक ठरतो. तरीही माझे म्हणणे उलट आहे. स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्याला वरचा सल्ला थोडाफार लागू पडेल. लीजची गाडी बदलणाऱ्याच्या व्यवहारात मात्र डीलर हा सर्वांत किरकोळ माणूस आहे. खरा पैसा शोरूमपासून लांब, करारपत्राच्या चारदोन ओळींत असतो, आणि त्या ओळी कोणी वाचत नाही.

आधी ‘इथेच बनते म्हणून स्वस्त’ हा मुद्दा निकालात काढू, कारण त्याला फार जागा द्यायचे कारण नाही. पिंपरीत टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, आली ती साठच्या दशकात, आणि 1998 ची इंडिका याच कारखान्यातून निघाली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. मर्सिडीजने 1990 च्या दशकात टेल्कोच्या आवारातून सुरुवात केली आणि पुढे चाकणला स्वतःचे बस्तान बसवले. महिंद्रही तिथेच आहे. तळेगावला आधी जनरल मोटर्स होती, आता ह्युंदाई आहे. एवढे कारखाने दाराशी असून गाडीची एक्स-शोरूम किंमत त्यामुळे कमी होत नाही. जीएसटी देशभर एकाच दराने लागतो, वाहतुकीचा खर्च कंपनी सगळ्या गाड्यांवर सरासरीने पसरते, आणि कारखान्याच्या फाटकावर किरकोळ विक्री होत नाही. सर्वांत मजेशीर उदाहरण मर्सिडीजचेच. या चाकणच्या कंपनीने ऑक्टोबर 2021 पासून भारतात गाड्या डीलरच्या नावावर न विकता थेट ग्राहकाला विकायची पद्धत आणली. साठा कंपनीचा, बिल कंपनीचे, किंमत देशभर एक, आणि डीलरला फक्त कमिशन. म्हणजे चाकणला बनणारी गाडी चाकणला घ्या नाहीतर कोचीला घ्या, घासाघीस करायला समोर माणूसच उरला नाही. कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांना मिळणारी सवलत वेगळी. ती नोकरीची असते, गावाची नव्हे.

आता मूळ मुद्दा. लीजमध्ये गाडी विकत कोण घेतो? तुम्ही नाही. नोकरी देणारी कंपनी आणि लीज कंपनी यांच्यात एक मुख्य करार असतो. तुम्ही मॉडेल आणि रंग निवडता, लीज कंपनी डीलरला पर्चेस ऑर्डर काढते, पैसे तीच भरते. शोरूममधल्या मुलाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. ‘कंपनी लीज आहे का सर?’ हा प्रश्न तो त्यासाठीच विचारतो. त्यानंतर तो तुम्हाला चहा पाजेल, टेस्ट ड्राइव्ह देईल, भांडलात तर मॅट आणि मडफ्लॅप फुकट देईल. मोठी सवलत मात्र लीज कंपनी आणि उत्पादक यांच्यात आधीच ठरलेली असते, कारण ती वर्षाला शेकडो गाड्या उचलते. तुम्ही दोन शनिवार खर्चून चाळीस हजार कमी करून घेतलेत तरी ते भाड्यात उतरले का, हे तुम्हाला कोण सांगणार?

हिशेब मांडून पाहू. ढोबळच आहे, पण दिशा कळायला पुरेसा. गाडी 12 लाखांची, मुदत 48 महिने, अखेरची ठरलेली किंमत म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यू, जिला सगळे आरव्ही म्हणतात, ती 25 टक्के, म्हणजे 3 लाख. चार वर्षांत 9 लाख वसूल करायचे, म्हणजे महिन्याला 18,750. त्यावर व्याज. सरासरी साडेसात लाख अडकलेले धरले आणि दर 11 टक्के धरला तर महिन्याला 6,875. एकूण 25,625, त्यावर जीएसटी, विमा, देखभाल वेगळी. आता व्याजदर 11 ऐवजी 12 झाला तर? वर्षाला साडेसात हजार जास्त, चार वर्षांत 30 हजार. म्हणजे शोरूममध्ये घाम गाळून मिळवलेल्या चाळीस हजारांतले तीस हजार एका टक्क्याने परत नेले, आणि तो टक्का कोटेशनवर बहुधा छापलेलाही नसतो. कोटेशनवर असते फक्त महिन्याचे भाडे.

आरव्हीचे तसेच. ती 35 टक्के धरली तर भाडे सुमारे 1,950 रुपयांनी उतरते आणि लोक खूश होतात. चार वर्षांनी गाडी ठेवून घ्यायची ठरवली की 3 लाखांऐवजी 4 लाख 20 हजार मोजावे लागतात. गाडी परत द्यायची असेल तर जास्त आरव्ही तुमच्या फायद्याची, कारण बाजारभाव पडण्याचा धोका लीज कंपनीचा. ठेवून घ्यायची असेल तर भाड्यात वाचलेले शेवटी एकरकमी द्यावे लागते, वर जास्त अडकलेल्या रकमेचे व्याज. म्हणजे गाडी परत द्यायची की ठेवायची हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवे. आपल्याकडे ते शेवटच्या महिन्यात ठरते, तेही शेजाऱ्याने काय केले ते पाहून.

मला सर्वांत नवल वाटते ते याचे की हा पट्टा खरेदीतल्या माणसांचा आहे. भोसरीच्या लघुउद्योजकाला ब्रॅकेटमागे पाच पैसे कमी करायला लावणारे, कच्च्या मालाचा दर, मशीनचा तासाचा दर, स्क्रॅपची वसुली असे पान पान मांडून घेणारे व्हेंडर डेव्हलपमेंटचे लोक इथेच राहतात. व्हेंडरकडून ब्रेकअप मागितल्याशिवाय ज्यांचा पेन उघडत नाही, ते स्वतःच्या गाडीच्या लीजचे ब्रेकअप कधी मागत नाहीत.

पुढची गोष्ट खास महाराष्ट्राची आहे आणि तिची रक्कम शोरूमच्या बहुतेक सवलतींपेक्षा मोठी आहे. आपल्याकडे व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहन कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के आणि त्यावर 13 टक्के लागतो. डिझेलला दोन टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर नोंदली तर सरसकट 20 टक्के. आपल्या 12 लाखांच्या पेट्रोल गाडीवर एकीकडे 1 लाख 44 हजार, दुसरीकडे 2 लाख 40 हजार. फरक 96 हजारांचा. हा कर गाडीच्या ऑन-रोड किमतीत जातो, त्यावर चार वर्षे व्याज लागते, आणि भाड्यावर जीएसटी लागतो म्हणजे करावरही कर बसतो. आरसी कोणाच्या नावावर निघणार हे लीज कंपनीच्या पद्धतीवर असते. काही ती स्वतःच्या किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर काढतात, काही कर्मचाऱ्याच्या नावावर काढून त्यावर लीजची नोंद करतात. हा प्रश्न एमएच-14 च्या आरटीओच्या खिडकीवर उभे राहिल्यावर विचारून उपयोग नसतो. ऑर्डर जाण्याआधी विचारायचा असतो. विजेच्या गाडीला राज्याने करमाफी दिलेली असल्याने तिथे हा फरकच उरत नाही. या पट्ट्यातल्या लीजच्या गाड्यांत हिरव्या पाटीच्या गाड्या दिसू लागल्या त्याला पर्यावरणप्रेमाइतकेच हेही कारण असावे, असा माझा तर्क.

लीज मुळात घ्यायची कशाला, हेही इथेच सांगायला हवे, कारण पूर्वपक्ष ते विसरतो. पगारदार माणूस लीज घेतो ती आयकरासाठी. भाडे पगारातून कर लागण्याआधी वळते होते आणि बदल्यात ठरावीक रक्कम सुविधा म्हणून उत्पन्नात धरली जाते. मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 1962 च्या आयकर नियमांतल्या नियम 3 प्रमाणे, गाडी कंपनीच्या आणि खासगी अशा दोन्ही कामांना वापरली तर ही रक्कम 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाला महिना 1,800 रुपये, त्याहून मोठ्याला 2,400, आणि कंपनीने चालक दिला तर आणखी 900 होती. त्या आकड्यांवर महिना 25 हजार भाडे असले तर वर्षाचे 3 लाख करातून सुटत आणि 21,600 उत्पन्नात मिळवले जात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह सुमारे 87 हजारांचा कर एका वर्षात वाचत असे. एकच वर्ष, आणि शोरूमच्या सवलतीच्या दुप्पट. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे, तेव्हा नव्या लीजचा हिशेब पेरोल विभागाकडून नव्या आकड्यांवरच करून घ्यावा. अट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी: गाडी नोकरी देणाऱ्याच्या मालकीची किंवा त्याने भाड्याने घेतलेली हवी. तुम्ही परस्पर लीज कंपनीशी व्यवहार केलात तर हा सगळा डोलारा कोसळतो.

मुदत संपल्यावर गाडी नोकरी देणाऱ्या कंपनीने घेऊन तुम्हाला स्वस्तात दिली तर आणखी एक फास आहे. कंपनीच्या मालकीची मोटार कर्मचाऱ्याला देताना तिची किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेच्या 20 टक्के घट धरून काढायची, असे त्याच 1962 च्या नियमांत होते. 12 लाखांची गाडी चार पूर्ण वर्षांनी या रीतीने 4 लाख 91 हजारांची राहते. तुम्हाला ती 3 लाखांत मिळाली तर उरलेले 1 लाख 91 हजार तुमच्या पगारात मिळून त्यावर कर. गाडी लीज कंपनीकडून थेट तुमच्याकडे येते की मधे नोकरी देणाऱ्याच्या हातून फिरते, यावर हे अवलंबून. डीलर या चित्रात कुठेच नाही.

आता एक्सचेंज. ‘जुनी दे, नवी घे, वर तीस हजार बोनस’ हा फलक लीजवाल्यालाही भुलवतो. पण जुनी गाडी तुमची आहे कुठे? आधी ती आरव्ही भरून विकत घ्यायची, फॉर्म 35 वर लीजची नोंद उतरवायची, फॉर्म 29 आणि 30 भरून नावावर करायची, मग ती एक्सचेंजला. आणि बहुतेक योजनांत जुनी गाडी ग्राहकाच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या नावावर असावी लागते. कंपनीच्या नावाची आरसी दाखवली की बोनसचा फलक भिंतीवरच राहतो.

त्याहून गंभीर गोष्ट जबाबदारीची. गाडी दिली, चावी दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, की आपण सुटलो असे लोक धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक, मधे गाडी कितीही हातांत फिरलेली असो. 2023 च्या एप्रिलपासून नोंदणीकृत पुनर्विक्री डीलरांसाठी वेगळे नियम आले. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म 29सी भरून ती सुपूर्द केल्याची नोंद पोर्टलवर करता येते, आणि मग जबाबदारी त्याच्यावर जाते. हा कागद मागायला दोन मिनिटे लागतात. सवलतीवर दोन तास भांडणारे तो मागत नाहीत.

‘लीजची गाडी आपली नव्हेच, तेव्हा अपघाताचे लीज कंपनी बघेल’ हाही याच जातीचा गैरसमज. नोंदीतल्या नावाच्या नियमाला इथे अपवाद आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे लीज, हायर-परचेस किंवा हायपोथिकेशनखालच्या गाडीच्या बाबतीत मालक म्हणजे त्या कराराखाली जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती. लीजचा करार कोणाशी झाला आणि ताबा कोणाला दिला, हे म्हणूनच वाचायचे असते.

इथे शंका येईल: मग डीलर साधुसंत आहे का? नाही. विमा आमच्याकडूनच घ्या, नाहीतर डिलिव्हरी लांबेल, ही धमकी सर्रास चालते. खरे तर विमा कुठून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो. डीलरने विमा विकण्याबाबत आयआरडीएआयचे नियम 2017 पासून आहेत आणि त्यांत सक्तीला जागा नाही. ‘हँडलिंग’ नावाची ओळ बिलात कुठून येते हे विचारले की ती बऱ्याचदा गळून पडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करणे हे डीलरचेच कायदेशीर काम आहे, तेव्हा ‘आरटीओ सर्व्हिस’चे वेगळे पैसे का, हेही विचारावे. हे सगळे भांडण रास्त आहे. पण ते काही हजारांचे आहे, आणि लीजमध्ये बिल लीज कंपनी तपासते, तेव्हा त्यातले बरेचसे तुमच्यापर्यंत येतच नाही.

आणि डीलरच्या खिशाचीही थोडी कल्पना असू द्यावी. तो उत्पादकाकडून गाडी आगाऊ पैसे देऊन, बहुधा बँकेच्या कर्जावर उचलतो. गाडी यार्डात उभी राहिली की व्याज त्याचे. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, मोठ्यांचा 40 झाला आणि भरपाई उपकर गेला, तेव्हा आधीच्या साठ्यावर भरलेला उपकर डीलरांच्या खात्यात अडकून पडला. डीलरांची संघटना फाडा त्यासाठी सरकारकडे दाद मागत राहिली. 2017 मध्ये जनरल मोटर्सने देशातली विक्री थांबवायचे जाहीर केले, त्यानंतरही तळेगावचा कारखाना निर्यातीवर 2020 च्या डिसेंबरपर्यंत चालला. शेवरोलेची पाटी लावून बसलेल्या डीलरांना मात्र निर्यात करण्यासारखे काही नव्हते. दया दाखवावी असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या हातात कमी आहे त्याच्याकडे जास्त मागून वेळ का घालवावा, एवढेच.

गाडी परत देण्याचा दिवस पाहिला की पैसा कुठे आहे ते लख्ख दिसते. लीज कंपनीचा तपासनीस कंपनीच्या पार्किंगमध्ये येतो. हातात रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र. बॉनेट, चार दारे, डिकी, एकेक जागी यंत्र टेकवून आकडा वाचतो. कुठे आकडा वाढला की त्या पत्र्यावर पुन्हा रंग बसला आहे हे त्याला कळते. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरच्या मागे रोज उभे राहिलेल्या गाडीच्या बॉनेटवर खडीच्या टिकल्या असतातच, त्या ‘नेहमीच्या झिजे’त बसतात. दारावरची हाताएवढी चेपलेली जागा बसत नाही. मग टायरच्या खोबणीत गेज, दुसरी चावी कुठे आहे, टूलकिट, सर्व्हिसच्या नोंदी. शेवटी किलोमीटर. वाकडहून चाकण एमआयडीसीला जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर धरले, वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तर नुसत्या नोकरीचे साडेबारा हजार होतात. त्यात दर महिन्याला साताऱ्याला नाहीतर कोल्हापूरला गावी जाणे आले. करारात वर्षाला 15 हजारांची मर्यादा असेल तर जास्तीच्या प्रत्येक किलोमीटरला दर लागतो. हा सगळा हिशेब अनामत रकमेतून वजा होतो किंवा पगारातून, आणि शोरूमचा माणूस तेव्हा दुसऱ्याच गिऱ्हाइकाला टेस्ट ड्राइव्ह देत असतो.

नोकरी बदलणाऱ्यांचे तर विचारूच नका. या पट्ट्यात माणसे एका फाटकातून निघून समोरच्या फाटकात जातात. लीज मधेच मोडली तर उरलेली रक्कम आणि वर फोरक्लोजरचा दंड, दोन्ही फुल अँड फायनलमधून कापले जाते. नवी कंपनी त्याच लीज कंपनीशी बांधलेली असेल तर लीज तिकडे वळवता येते. पण हे ऑफर लेटर स्वीकारण्याआधी विचारावे लागते, पगार ठरवतानाच.

तेव्हा या सगळ्यात घासाघीस करायची ती शोरूममध्ये नव्हे, आणि ती एकट्या कर्मचाऱ्याने करून जमणारही नाही. मुख्य करार कंपनीचा असतो आणि शेकडो गाड्यांची ताकद कंपनीकडे असते. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगावच्या कंपन्यांतल्या एचआर आणि खरेदी विभागांना म्हणूनच विनंती आहे. पुढचा लीज करार नूतनीकरणाला आला की लीज कंपनीला एक अट घाला: प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कोटेशनवर गाडीची सवलतीनंतरची किंमत, व्याजदर, आरव्ही, आरसीचे नाव, किलोमीटरची मर्यादा आणि मुदतीआधी मोडण्याचा दंड छापून यायला हवा. ब्रॅकेटच्या व्हेंडरकडून जे पान तुम्ही दरवर्षी मागता, तेच आपल्या माणसांसाठीही मागा.